अर्धशिशी आणि झाडपाल्याची बाटली



आमच्या वस्तीतल्या एका भगिनीची हकीकत आज तुम्हाला सांगायची आहे. तिचे नाव सांगत नाही. अशी भगिनी प्रत्येक वस्तीत आहे, तेव्हा नावाची गरजही नाही. वय पस्तीसच्या आसपास. शिलाईच्या कारखान्यात मशीनवर बसते. जितके नग तितकी मजुरी. महिन्यातून चार-पाच दिवस असे येतात की, पहाटे जाग येते तीच डोक्याच्या एका बाजूला ठणका घेऊन. उजेड डोळ्यांत टोचतो. फोडणीचा वास आला की पोटात ढवळते. मुलांचा आवाजही सहन होत नाही. मग ही बाई डोक्याला फडके करकचून बांधते आणि दार-खिडकी लावून अंधारात पडून राहते. त्या दिवसाची मजुरी बुडते ती बुडतेच, वर दुसऱ्या दिवशी मुकादमाचे बोल ऐकावे लागतात, "काल पुन्हा नाटक केलंस का?"

घरात पहिल्यांदा सगळे म्हणाले, पित्त झाले असेल. शेजारणीने सुचवले, बाहेरचे काही असेल, दाखवून आण. सासू मात्र समजूतदार निघाली. तिने सुनेला कुठे नेले नाही. सुंठ उगाळून कपाळाला लेप लावला आणि डोके चेपून दिले. त्याने घटकाभर बरे वाटायचे. पण दुखणे काही सोडत नव्हते.

अशातच आठवड्याच्या बाजारात एक माणूस भेटला. पुढ्यात मुळ्या, साली, बरण्या मांडलेल्या. म्हणाला, "ताई, हा झाडपाल्याचा अर्क हाय. इंग्रजी गोळीवाणी न्हाई. गुण आला तर आलाच, अपाय तर न्हाई ना!" बाटलीची किंमत दोन दिवसांच्या मजुरीइतकी. तिने घेतली. आणि काय सांगावे, आठ दिवसांत दुखणे पळाले! तिने साऱ्या गल्लीला सांगितले. गल्लीतल्या आणखी चौघींनी बाटल्या आणल्या.

तिसऱ्या महिन्यात तिचा चेहरा सुजून गोल झाला. भूक भलतीच वाढली. एकदा बाटली वेळेवर मिळाली नाही, तर अंगातले त्राणच गेले आणि डोके पूर्वीपेक्षा जास्त दुखू लागले. तेव्हा कुठे तिला सरकारी दवाखान्यात नेले. डॉक्टरबाईंनी बाटली मागवून घेतली. बाटलीवर ना बनवणाऱ्याचे नाव, ना आत काय आहे ते, ना तारीख. चेहऱ्याची सूज आणि बाकीची लक्षणे पाहून बाईंना वाटले की, या अर्कात कोणीतरी स्टेरॉइडची पूड मिसळलेली असावी. त्यांनी रागावून बाटली फेकून दिली नाही. असे औषध एकदम बंद केले तर जिवावर बेतू शकते, म्हणून त्यांनी आपल्या देखरेखीखाली हळूहळू ते सोडवले. आणि शेवटी एकच प्रश्न विचारला, "गोळी घेताना विचारता ना, किती घ्यायची, कशावर घ्यायची? मग बाटली घेताना का नाही विचारलं?"

हा प्रश्न आमच्या मनात घर करून राहिला. आजच्या लेखाचा विषय तोच आहे. झाडपाल्यात गुण आहे का? आहे. पण ज्यात गुण आहे त्यात अपायाचीही ताकद असते. म्हणून गोळीला जे प्रश्न विचारायचे, तेच झाडपाल्यालाही विचारायचे.

अर्धशिशी म्हणजे काय?

आधी दुखणे नीट ओळखू. अर्धशिशी हा मेंदू आणि मज्जातंतूंचा विकार आहे. चेहरा आणि डोक्याच्या संवेदना मेंदूकडे नेणारी एक मोठी मज्जातंतू असते. ती चाळवली की तिच्या टोकांतून काही द्रव्ये सुटतात, मेंदूच्या आवरणातल्या रक्तवाहिन्या संवेदनशील होतात आणि नाडीच्या ठोक्यागणिक ठणका लागतो. औषध न घेतल्यास हे दुखणे ४ तासांपासून ७२ तासांपर्यंत टिकू शकते. बहुधा एका बाजूने दुखते, पण दोन्ही बाजूंनीही दुखू शकते. काहींना दुखण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी चमक दिसते. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हे दुखणे दोन ते तीन पट जास्त आढळते, कारण पाळीच्या चक्रात होणाऱ्या बदलांचा त्याच्याशी संबंध आहे. ते वडिलोपार्जितही असते.

बंगळूर शहर आणि आसपासच्या खेड्यांत झालेल्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. त्यात १८ ते ६५ वयाच्या दर चार माणसांत एकाला वर्षभरात अर्धशिशी झाल्याचे आढळले. शहरापेक्षा खेड्यात प्रमाण जास्त होते. म्हणजे हे शहरी लोकांचे, आरामात बसणाऱ्यांचे दुखणे आहे हा समज खोटा आहे.

पित्ताविषयीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अर्धशिशीत उलटी होते ती दुखण्याचाच भाग म्हणून. घशात बोटे घालून ओकारी काढल्याने रोग जात नाही. दुखणे उठले की पोटाचे कामही मंदावते, त्यामुळे उशिरा घेतलेली गोळी नीट लागू पडत नाही. आणि बाहेरचे म्हणाल, तर तसे काही नसते. भूत काढण्याच्या नावाखाली चटके देणे किंवा मिरचीची धुरी देणे हा आपल्या राज्यात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

झाडापासून गोळीपर्यंत

बाजारातला तो माणूस म्हणाला, हे इंग्रजी गोळीसारखे नाही. पण गोळीचे मूळ कुठे आहे ते पाहा.

इंग्लंडमध्ये एडवर्ड स्टोन नावाचे एक धर्मोपदेशक होते. विलो नावाच्या झाडाची साल वाळवून, तिची पूड करून त्यांनी तापाच्या सुमारे ५० रोग्यांना दिली आणि आलेला गुण १७६३ साली तिथल्या रॉयल सोसायटीला पत्राने कळवला. आपल्याकडे नदीकाठी वाळुंज नावाचे झाड असते, ते याच कुळातले. पुढे १८२८ साली जर्मनीत त्या सालीतले गुणकारी द्रव्य वेगळे काढले गेले. त्याच्यापासून बनवलेले आम्ल वेदना थांबवी, पण पोट जाळी. १८९७ साली बायर कंपनीतले रसायनज्ञ फेलिक्स हॉफमन यांनी त्यात बदल करून पोटाला थोडे सोसेल असे रूप तयार केले. तेच १८९९ साली अ‍ॅस्पिरिन म्हणून बाजारात आले. आजही अर्धशिशीवर अ‍ॅस्पिरिन उपयोगी पडते. आणि आजही ते पोटात व्रण करू शकते, डेंग्यूच्या तापात रक्तस्राव वाढवू शकते आणि १६ वर्षांखालच्या मुलांना डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय देऊ नये असे आहे. गुण आणि अपाय दोन्ही एकाच सालीतून आले.

दुसरे उदाहरण आपल्या भाकरीशी नाते सांगणारे आहे. युरोपात राय नावाच्या धान्यावर अरगट ही बुरशी पडते. असे धान्य खाऊन मध्ययुगात गावेच्या गावे आजारी पडत. रक्तवाहिन्या आकुंचन पावून हातपायांची बोटे काळी पडत आणि गळून जात. १९१८ साली स्वित्झर्लंडमध्ये आर्थर स्टॉल यांनी त्याच बुरशीतून अर्गोटामाइन हे द्रव्य वेगळे केले. रक्तवाहिन्या आवळण्याचा जो गुण विष ठरला होता, तोच मोजून-मापून दिल्यावर अर्धशिशीवरचे औषध झाला, आणि पुढे कित्येक वर्षे डॉक्टर ते देत राहिले. आपल्या बाजरीवरही अरगट पडतो. त्याची जात वेगळी आणि विषही वेगळे. १९५६-५७ साली तेव्हाच्या मुंबई राज्याच्या दक्षिण भागात अशी बाजरी खाऊन लोकांना मळमळ, उलट्या आणि गुंगी यांचा त्रास झाला होता. बाजरीचे बी पेरण्याआधी मिठाच्या पाण्यात टाकतात आणि वर तरंगणारे काढून टाकतात, ते यासाठीच.

तेव्हा झाडपाला एकीकडे आणि गोळी दुसरीकडे असे काही नाही. फरक आहे तो मोजमापाचा. काढा असो की अर्क, वनस्पती पाण्यात, तेलात किंवा मद्यार्कात भिजवून अथवा उकळून तिच्यातले द्रव्य उतरवून घ्यायचे, एवढीच त्यातली गोष्ट. पण मूळ घेतले की पान, पावसाळ्यात तोडले की उन्हाळ्यात, किती वेळ उकळले, यावर ते द्रव्य कमीजास्त उतरते. एका बाटलीत चिमूटभर असेल, दुसरीत मूठभर. गोळीत किती आहे ते पाकिटावर लिहिलेले असते. बिननावाच्या बाटलीत किती आहे, ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसते.

दोन वनस्पतींची परीक्षा

अर्धशिशीवरच्या वनस्पतींची शास्त्रशुद्ध परीक्षा झालेलीच नाही, असे कोणी म्हणत असेल तर ते खरे नाही. युरोपातल्या दोन वनस्पतींची गोष्ट सांगतो. त्यांतून पुष्कळ शिकण्यासारखे आहे.

पहिली फीवरफ्यू. शेवंतीच्या कुळातली, बारीक पांढऱ्या फुलांची. इंग्लंडमध्ये अर्धशिशीचे अनेक रोगी तिची ताजी पाने रोज खात असत. लंडनच्या डॉक्टरांनी अशा १७ रोग्यांची परीक्षा घेतली. ८ जणांना वाळलेल्या पानांच्या कॅप्सूल दिल्या, ९ जणांना दिसायला तशाच, पण आत औषध नसलेल्या. कोणाला काय मिळाले ते कोणालाच सांगितले नाही. नुसते औषध मिळाले या समाधानानेही माणसाला बरे वाटते, म्हणून असे करावे लागते. ज्यांना पोकळ कॅप्सूल मिळाल्या, त्यांची डोकेदुखी वाढली. हा निष्कर्ष १९८५ साली प्रसिद्ध झाला. पुढे आणखी परीक्षा झाल्या. २०१५ साली त्या सर्वांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यातल्या सर्वांत मोठ्या परीक्षेत फीवरफ्यूचा अर्क घेणाऱ्यांची अर्धशिशी महिन्यातून सरासरी १.९ वेळा कमी झाली आणि पोकळ कॅप्सूल घेणाऱ्यांची १.३ वेळा. म्हणजे वनस्पतीचा स्वतःचा वाटा महिन्याला ०.६ वेळा एवढाच. गुण आहे, पण थोडा. पाने चघळणाऱ्यांपैकी काहींना तोंडात फोड आले. गरोदर स्त्रियांनी ती घेऊ नये असेही सांगितले जाते.

दुसरी बटरबर. ओलसर जागी वाढणारी मोठ्या पानांची वनस्पती. औषध तिच्या मुळापासून करतात. २००४ साली २४५ रोग्यांवरील परीक्षेचा निकाल आला. जास्त मात्रा घेणाऱ्यांचे दुखणे उठण्याचे प्रमाण ४८ टक्क्यांनी घटले, तर पोकळ कॅप्सूल घेणाऱ्यांचे २६ टक्क्यांनी. हा निकाल चांगलाच होता. २०१२ साली अमेरिकेतल्या मज्जाविकारतज्ज्ञांच्या संस्थेने अर्धशिशी टाळण्यासाठी बटरबरची ठाम शिफारस केली.

आणि अवघ्या तीन वर्षांत, २०१५ साली, ती शिफारस मागे घेतली.

कारण काय? यकृत. बटरबरमध्ये यकृताला मारक अशी काही द्रव्ये असतात. अर्क बनवताना ती काढून टाकावी लागतात. तसे करूनही अर्क घेणाऱ्या काही जणांच्या यकृताला सूज आली, काहींवर यकृत बदलण्याची पाळी आली. ब्रिटनच्या औषध खात्याने २०१२ सालीच ही औषधे घेऊ नका असा इशारा दिला होता.

असलीच द्रव्ये आपल्या ओळखीच्या खुळखुळ्याच्या काही जातींत असतात. १९७० च्या दशकात तेव्हाच्या मध्य प्रदेशातल्या सरगुजा भागात खुळखुळ्याचे बी मिसळलेले धान्य खाऊन गोरगरीब माणसांची पोटे पाण्याने फुगली, यकृते निकामी झाली आणि अनेकजण दगावले. तेही झाडपाल्याचेच होते. नैसर्गिकच होते.

बटरबरची गोष्ट आम्हाला यासाठी महत्त्वाची वाटते की, तिथे औषधाने काम केले होते. परीक्षेत ते उतरले होते. पण परीक्षा तिथे संपली नाही. ज्यांनी शिफारस केली, त्यांनीच चूक दिसताच ती मागे घेतली. बाजारातल्या बाटलीची शिफारस कोण मागे घेणार? बाटली विकणारा पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावच्या बाजारात असतो.

घरातली सुंठ आणि पुदिना

आता आपल्या स्वयंपाकघराकडे वळू. त्या सासूने लावलेली सुंठ फुकट होती का?

इराणमध्ये १०० रोग्यांवर झालेली एक परीक्षा २०१४ साली प्रसिद्ध झाली. अर्धशिशी उठताच अर्ध्यांना सुंठेची २५० मिलिग्रॅम पूड कॅप्सूलमधून दिली आणि अर्ध्यांना सुमाट्रिप्टान हे अर्धशिशीचे खास औषध दिले. दोन तासांनी दोन्ही गटांचा आराम जवळपास सारखा होता, आणि सुंठेचा त्रास कमी होता. २०१९ साली ब्राझीलमध्ये दवाखान्यात आलेल्या ६० रोग्यांना नेहमीच्या वेदनाशामकाबरोबर आल्याचा अर्क दिला, तेव्हा नुसत्या वेदनाशामकापेक्षा जास्त आराम पडला. मात्र त्याच देशात १०७ रोग्यांना तीन महिने रोज आल्याचा अर्क देऊन पाहिला, तेव्हा अर्धशिशी उठण्याचे प्रमाण पोकळ कॅप्सूलपेक्षा वेगळे काही घटले नाही. याचा अर्थ असा की, दुखणे उठताच घेतलेल्या सुंठेचा थोडा आधार मिळू शकतो, मळमळही कमी होते. पण रोज सुंठ खाऊन अर्धशिशी टळेल अशी आशा धरू नये. या परीक्षा पोटात घेतलेल्या सुंठेच्या आहेत, लेपाच्या नव्हेत, हेही सांगितले पाहिजे. लेप लावायचा तर जपून लावावा. नाजूक कातडीला आग होते, आणि डोळ्यांत गेला तर हाल होतात.

पुदिन्याचेही तसेच. जर्मनीत १९९६ साली साध्या, ताणाच्या डोकेदुखीत कपाळाला १० टक्के पुदिना-तेल लावून पाहिले. पॅरासिटामॉलच्या १००० मिलिग्रॅमच्या तुलनेत त्याचा गुण कमी ठरला नाही. २०१० साली इराणमध्ये अर्धशिशीच्या ३५ रोग्यांच्या कपाळाला मेंथॉल लावल्यावरही फायदा दिसला. मेंथॉल म्हणजेच पुदिन्याचे फूल. कातडीतल्या गारवा जाणणाऱ्या मज्जातंतूंना ते जागे करते. पण तान्ह्या मुलाच्या नाकाजवळ ते कधीही लावू नये, श्वास अडकू शकतो.

तेव्हा सासूबाईंचा लेप आणि सुनेच्या डोक्यावरून फिरणारा त्यांचा हात यांना आम्ही नावे ठेवणार नाही. फक्त त्यावर थांबू नये, एवढेच म्हणू.

साकेतची सेठाणी

डोकेदुखी आणि वनस्पती यांचा विषय निघाला की आपल्याला जीवकाची आठवण होणारच. विनयपिटकातल्या महावग्गात त्याची कथा आहे. तक्षशिलेत सात वर्षे शिकल्यावर गुरूने त्याला सांगितले की, नगराभोवती योजनभर फीर आणि जी वनस्पती औषधी नाही ती घेऊन ये. जीवक रिकाम्या हाताने परतला. बिनऔषधी वनस्पती त्याला एकही मिळाली नव्हती.

परतीच्या वाटेवर साकेत नगरात सात वर्षे डोक्याच्या दुखण्याने पिडलेली एक सेठाणी त्याला भेटली. मोठमोठे वैद्य सोने घेऊन गेले होते आणि गुण मात्र आला नव्हता. म्हणून तिने या तरुण वैद्याला आधी आत येऊ दिले नाही. तेव्हा जीवकाने निरोप पाठवला की, आधी काही देऊ नका, बरे वाटले तर मग हवे ते द्या. त्याने ओंजळभर तूप निरनिराळ्या औषधी घालून उकळले, नाकावाटे दिले आणि ती बरी झाली.

या कथेत आम्हाला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. जीवकाला सगळ्या वनस्पती औषधी दिसल्या, पण त्या आधी तो सात वर्षे शिकला होता. आणि गुण येण्याआधी त्याने पैसे घेतले नाहीत. त्या तुपात कोणत्या औषधी होत्या, ते कथेत सांगितलेले नाही. म्हणून उद्या जर कोणी जीवकाचे तेल किंवा जीवकाचे नस्य म्हणून बाटली विकायला आला, तर त्याला दारातूनच परत पाठवावे.

काय करावे?

आता कामाच्या गोष्टी.

बाटली किंवा पुडी घेण्याआधी पाहा. बनवणाऱ्याचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, आतील घटक, तयार केल्याची तारीख लेबलावर आहे का? नसेल तर घेऊ नका. परवाना असला तरी सावध राहा. २००४ साली अमेरिकेतल्या बॉस्टनमधल्या दुकानांतून दक्षिण आशियात बनलेली ७० आयुर्वेदिक औषधे तपासली गेली, त्यांतल्या १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक निघाले. शिसे पोटात गेले तर त्यानेच डोके दुखते. आठ दिवसांत जादू करणाऱ्या पुडीचा तर जास्तच संशय घ्यावा.

जे काही घेत असाल, ते डॉक्टरांना सांगा. काढा, अर्क, पुडी, लेप, सगळे. रागावतील म्हणून लपवू नका. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील, गरोदरपण असेल, कावीळ होऊन गेली असेल, तर विचारल्याशिवाय कोणताही अर्क घेऊ नका.

गोळ्यांचाही अतिरेक नको. दुकानातून पाकीट आणून पॅरासिटामॉलसारख्या साध्या गोळ्या महिन्यातून १५ किंवा जास्त दिवस, अथवा मिश्र गोळ्या १० किंवा जास्त दिवस, असे तीन महिन्यांहून अधिक काळ चालले, तर त्या गोळ्यांमुळेच रोज डोके दुखू लागते. आठवड्यातून दोन दिवसांपेक्षा जास्त गोळी लागत असेल, तर दवाखान्यात जायची वेळ झाली असे समजावे.

अर्धशिशी वरचेवर उठत असेल, तर ती टाळण्यासाठी रोज घेण्याची औषधे आहेत. प्रोप्रॅनोलॉल आणि अ‍ॅमिट्रिप्टिलिन ही त्यांतली दोन जुनी आणि स्वस्त औषधे सरकारच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहेत. ती आपल्या मनाने घेऊ नयेत. दमा असणाऱ्याला प्रोप्रॅनोलॉल चालत नाही. ज्या भगिनींना दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमक दिसते, त्यांनी कुटुंबनियोजनाच्या गोळ्या सुरू करण्याआधी ते डॉक्टरांना जरूर सांगावे, कारण अशा वेळी काही गोळ्यांनी पक्षाघाताचा धोका वाढतो.

जेवण चुकवू नका, पाणी पीत राहा, झोप एकाच वेळेला घ्या. पाळीवर आणि पोटावर जगणाऱ्याला हे सांगणे सोपे आणि करणे कठीण, हे आम्ही जाणतो. निदान उपाशीपोटी कामाला जाऊ नका.

आणि पुढील लक्षणे दिसली तर ना सुंठ, ना गोळी, थेट मोठा दवाखाना गाठा. आयुष्यात कधी नाही असे एकाएकी फुटणारे डोके. डोकेदुखीबरोबर ताप आणि ताठलेली मान. एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, शुद्ध हरपणे. डोक्याला मार लागल्यानंतरचे दुखणे. गरोदरपणातले किंवा बाळंतपणानंतरचे जोराचे दुखणे. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी.

शेवटी

त्या भगिनीचे पुढे काय झाले? डॉक्टरबाईंनी तिला भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर खुणा करायला सांगितल्या. डोके दुखले की फुली, गोळी घेतली की टिंब. तिला लिहिता येते, पण तिच्या मुलीने ते काम आपल्याकडे घेतले. दवाखान्यातून मिळणारी एक गोळी ती रोज रात्री घेते. अर्धशिशी गेलेली नाही. महिन्यात चार-पाच फुल्या असायच्या, आता एक किंवा दोन असतात. वाचलेल्या तीन दिवसांची मजुरी घरात येते. दुखणे उठले की सासूबाई आजही सुंठ उगाळतात. डॉक्टरबाईंनी त्याला हरकत घेतली नाही.

गल्लीतल्या बाकीच्या चौघीही आपापल्या बाटल्या घेऊन दवाखान्यात जाऊन आल्या. त्यांना घेऊन जाणारी हीच होती. ज्या तोंडाने साऱ्या गल्लीला बाटलीचा गुण सांगितला होता, त्याच तोंडाने तिने त्यांना सांगितले की, माझी चूक झाली, चला.

मायभगिनींनो, हा अंक वाचून खाली ठेवाल तेव्हा एवढे करा. घरातल्या फळीवर एखादी बाटली किंवा पुडी असेल, तर ती उजेडात धरून तिच्यावर काय लिहिले आहे ते वाचा. स्वतःला वाचता येत नसेल तर मुलीला वाचायला सांगा. त्यावर काहीच लिहिलेले नसेल, तर ती घेऊन दवाखान्याची वाट धरा.